बडोद्याची गायनशाळा आणि पोरांचं गाणं

गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळाची सूरसागर फेरी झाली. न्यायमंदिरापासून निघून तळ्याला वळसा घालत आम्ही परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीपाशी थांबलो. या संस्थेचं मूळ १८८६ साली निघालेल्या गायनशाळेत आहे, ती सयाजीराव महाराजांनी मौलाबक्षांकडून सुरू करून घेतली, असं नेहमीचं सगळं मी सांगितलं. त्यावर फेरीतले एक ज्येष्ठ काका म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हो, पण या शाळेतून मोठा गवई कोण निघाला ते सांगा ना. फैयाझखाँ काही इथे शिकले नव्हते."

लोक हसले. मीही हसलो आणि विषय बदलला, कारण त्या क्षणी मला उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर मात्र प्रश्न डोक्यातून जाईना. तसं पाहिलं तर काकांचं बरोबर होतं. फैयाझखाँ आग्र्याच्या घराण्याचे, ते दरबारात आले तेच तयार गवई म्हणून. अब्दुल करीमखाँ इथे दरबारी गायक होते, तेही बाहेरून शिकून आलेले. बडोद्याच्या संगीतातली मोठी नावं घ्यायला लागलं तर बहुतेक दरबाराच्या दारातून आत आलेली, शाळेच्या दारातून नाही.

तरी प्रश्नच चुकला आहे, असं माझं मत झालं. गायनशाळा ही गवई तयार करण्याचा कारखाना म्हणून निघालीच नव्हती. पुष्कळ मुलांनी एकत्र, एका सुरात, लिहिलेलं वाचून गाता यावं, यासाठी ती होती. या मापाने मोजलं तर हिशेब वेगळा लागतो, आणि तो हिशेब आज आमच्या भागातल्या बालवृंदापर्यंत येऊन पोचतो. हा लेख म्हणजे त्या काकांना उशिरा दिलेलं उत्तर.

आधी माझा स्वार्थ सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला लेखकाचा कल कळेल. मी पाचवीत असताना शाळेच्या वार्षिक कार्यक्रमासाठी समूहगीत बसत होतं. शाळेचं नाव सांगत नाही, त्यात आता काही अर्थ नाही. तिसऱ्या तालमीला सर पेटीवरून उठले, ओळीतून कान लावत फिरले, माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "तू नुसते ओठ हलव." कार्यक्रमात मी व्यवस्थित ओठ हलवले. आईला वाटलं मी गायलो. पुढे इंजिनियरिंग झालं, बत्तीस वर्षं कारखान्यांत प्रेशर गेज आणि कंट्रोल व्हॉल्व्ह यांच्यामागे गेली, पण एकटा असलो तरी मी कधी गुणगुणलो नाही. तेव्हा मुलांना गायला शिकवणं या विषयावर मी तटस्थ नाही.

आता मुद्द्यावर. गायनशाळेआधी बडोद्यात संगीत नव्हतं असं नाही, भरपूर होतं. संस्थानात कलावंत कारखाना नावाचं खातंच होतं. 'कारखाना' म्हणजे इथे खातं, जसा हत्तीखाना, फरासखाना, तसाच. गवई, बीनकार, सारंगिये, नर्तकी, तबलजी हे सगळे त्या खात्याचे नोकर. पगार ठरलेला, हजेरी ठरलेली, कोणत्या समारंभाला कोणी वाजवायचं तेही ठरलेलं. पण विद्या मात्र खात्याच्या मालकीची नव्हती, ती त्या त्या घराची. उस्ताद मुलाला शिकवी, जावयाला शिकवी, फार तर वर्षानुवर्षं सेवा केलेल्या शागिर्दाला देई. शिकवणं तोंडोतोंडी, समोरासमोर, एकाला एक. ही पद्धत वाईट होती असं मी म्हणणार नाही, त्या पद्धतीनेच फैयाझखाँ झाले. पण वर्गात बसलेल्या तीस पोरांना ती लावता येत नाही, एवढं निश्चित.

मौलाबक्ष या दोन्ही बाजू ओळखून होते. त्यांचा जन्म १८३३ चा, दिल्लीकडचा. हिंदुस्थानी संगीत शिकून ते फिरत फिरत दक्षिणेत गेले, म्हैसूरच्या दरबारात त्यांना मोठा मान मिळाला, आणि तिथे त्यांनी कर्नाटक संगीतही शिकून घेतलं. त्या काळात उत्तरेतल्या मुसलमान गवयाने हे करणं फार दुर्मीळ. त्यांची बायको टिपू सुलतानाच्या वंशातली, असं त्यांच्या घराण्यात सांगितलं जातं. दक्षिणेत त्यांनी एक गोष्ट जवळून पाहिली असणार असा माझा अंदाज आहे: तिथे शिकवण्याचा क्रम बांधलेला असतो. आधी सरळी, मग जंटा, मग अलंकार, मग गीतं. कोणत्याही गुरूकडे गेलं तरी पहिली पायरी तीच. उत्तरेत तसा सर्वमान्य क्रम नव्हता.

बडोद्यात सयाजीराव महाराजांना १८८१ च्या डिसेंबरात राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. वय अठरा. पुढच्या काही वर्षांत त्यांनी जे हाती घेतलं त्यात शिक्षण सर्वांत वर. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू झालं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू झालं. गायनशाळेचं १८८६ हे साल या ओळीत ठेवून बघा, म्हणजे ती कलावंत कारखान्याची शाखा वाटत नाही, शिक्षणखात्याची धाकटी बहीण वाटते. हिंदुस्थानातली ही पहिली संगीतशाळा नव्हे. कलकत्त्यात सौरींद्रमोहन टागोरांनी १८७१ मध्येच शाळा काढली होती, आणि मौलाबक्ष बंगालची हवा पाहून आलेले होते. पण बंगालातली चळवळ एका जमीनदाराच्या हौसेवर आणि पैशावर उभी होती. इथे मागे राज्य होतं.

मौलाबक्षांनी शाळेसाठी स्वतःची स्वरलिपी बनवली. गाणं कागदावर उतरवायचं, छापायचं, आणि ज्याने ते आधी ऐकलेलं नाही त्यानेही ते वाचून गायचं. शाळेतल्या मुलांसाठी आणि खास मुलींसाठी त्यांनी स्वरलिपीसह छोटी पुस्तकं काढली, त्यांत गरबे होते, ओळखीची पद्यं होती. ती दरबारी ख्यालांची पुस्तकं नव्हती, घरात आणि अंगणात गाता येईल अशा गाण्यांची होती. माझ्या मते काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. ज्याला गवई घडवायचे आहेत तो गरब्याची स्वरलिपी करत बसत नाही.

स्वरलिपी म्हणजे नेमकं काय, हे फेरीत बऱ्याच जणांनी विचारलं होतं, म्हणून जरा थांबून सांगतो. मौलाबक्षांची लिपी आज वापरात नाही. आज आपल्याकडे भातखंड्यांची चालते, काही ठिकाणी पलुसकरांची. भातखंडे पद्धत सोपी आहे. सा रे ग म प ध नी ही अक्षरं देवनागरीत लिहायची. खाली आडवी रेघ असली तर स्वर कोमल, मध्यमावर उभी रेघ असली तर तीव्र. वर टिंब म्हणजे तार सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र. एका मात्रेत दोन-तीन स्वर असतील तर त्यांच्याखाली चंद्रकोरीसारखा कंस. स्वर लांबवायचा असेल तर पुढे आडवी खूण. खालच्या ओळीत गाण्याची अक्षरं, आणि त्याखाली तालाच्या खुणा: समेला गुणाकाराची फुली, खालीला शून्य. एवढं शिकायला हुशार मुलाला दोन आठवडे पुरतात, माझ्यासारख्या पन्नाशीतल्या माणसाला दोन महिने.

हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मला वर्कशॉपमधलं ड्रॉइंग आठवलं. जुना मिस्त्री एक भाग हाताने बनवतो, तो अप्रतिम असतो. पण तसाच दुसरा हवा असेल तर त्याच्याकडेच जावं लागतं, आणि तो गेला की विद्या गेली. ड्रॉइंग काढलं, मापं टाकली, की दहा वेगळे फिटर दहा ठिकाणी तोच भाग बनवतात आणि ते दहाही एकमेकांना बसतात. समूहगानाचं अगदी तसंच आहे. एकटा गाणारा जागच्या जागी काही बदललं तरी त्याची शोभा होते. तीस जणांनी तीस ठिकाणी बदललं तर गलका. एकत्र गायचं असेल तर कुठे थांबायचं, कुठला स्वर किती मात्रा धरायचा, श्वास कुठे घ्यायचा, हे आधी ठरलेलं हवं. आणि ठरलेलं लिहून ठेवलेलं बरं.

यावर गवयांचा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे: मींड कागदावर येत नाही, आंदोलन येत नाही, एकाच कोमल ऋषभाचं दोन रागांतलं वेगळेपण येत नाही. आक्षेप शंभर टक्के खरा आहे. इंजिनियरच्या भाषेत सांगायचं तर ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहिलेला नसतो आणि गवयाची सगळी कला त्या टॉलरन्समध्येच असते. मी तो आक्षेप मान्य करतो आणि एवढंच म्हणतो, की आठ वर्षांच्या मुलांच्या समूहाला मींड शिकवायचीच नाहीये. त्यांना आधी सा लागला पाहिजे, आणि शेजारच्याचा आणि आपला सा एक आहे हे ऐकू आलं पाहिजे. त्यासाठी कागद भरपूर कामाचा आहे.

मौलाबक्ष १८९६ मध्ये गेले. त्यांचे चिरंजीव अलाउद्दीनखाँ पठाण यांना महाराजांनी पाश्चात्य संगीत शिकायला लंडनला पाठवलं होतं, ते परत येऊन संस्थानच्या सेवेत रुजू झाले. नातू इनायतखाँ, म्हणजे मुलीचा मुलगा, १८८२ मध्ये बडोद्यात जन्मला, आजोबांच्या घरात आणि शाळेत वाढला आणि तरुणपणी तिथे शिकवायलाही लागला. लहानपणी त्याने दरबारात गणपतीचं संस्कृत स्तोत्र म्हणून महाराजांकडून बक्षीस मिळवलं, ही गोष्ट त्यांच्या चरित्रांतून येते. एका मुसलमान गवयाच्या घरातला पोरगा मराठा राजासमोर संस्कृतात गणपती गातो, याचं त्या काळच्या बडोद्यात कोणाला फारसं नवल वाटलेलं दिसत नाही. हेच इनायतखाँ १९१० मध्ये अमेरिकेला गेले आणि पुढे सूफी गुरू हजरत इनायत खान म्हणून युरोप-अमेरिकेत ओळखले गेले. तेव्हा गायनशाळेतून जगप्रसिद्ध माणूस निघाला, काका, पण तोही गवई म्हणून नाही! (त्यांचे परदेशी भक्त आजही बडोद्यातलं मौलाबक्षांचं घर बघायला येतात. आपल्या मंडळातले किती जण गेलेत, हे विचारत नाही.)

पुढे फ्रेडिलिस नावाच्या युरोपीय बँडमास्तरांच्या हाती शाळेची सूत्रं होती, त्यांनी आपल्या वाद्यांचा वृंद उभा करायचा प्रयत्न केला. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, इथे नको.

मग १९१६ साल आलं. त्या वर्षी मार्चमध्ये पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यात भरली, महाराजांच्या आश्रयाने. आपल्या शहराला याचा अभिमान आहे आणि असायला हवा. भातखंडे पेशाने वकील. वेगळ्या धंद्यातून येऊन आयुष्यभर एकच विषय खणणारा माणूस म्हणून मला ते फार जवळचे वाटतात. पण परिषदेत गाजलेले विषय बघा: श्रुती किती, रागांची शुद्ध रूपं कोणती, थाट कसे लावायचे. विद्वानांचे विषय. हळूहळू संगीतशाळा म्हणजे रागसंगीत शिकवणारी, परीक्षा घेणारी, पदविका देणारी संस्था असं रूप सगळीकडेच पक्कं होत गेलं. ग्वाल्हेरला १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांनी माधव संगीत विद्यालय काढलं. त्याआधी राजाभैया पूछवाल्यांसारखी तयार मंडळी भातखंड्यांकडे स्वरलिपी आणि अध्यापन शिकायला मुंबईला पाठवली. उत्तम काम झालं, त्यातून ग्वाल्हेरची परंपरा टिकली. बडोद्याच्या शाळेचंही पुढे महाविद्यालय झालं आणि ते महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामील झालं. या सगळ्या वाढीत एक गोष्ट मागे पडली, ती म्हणजे ज्याला गवई व्हायचं नाही त्या मुलाचं गाणं. हे माझं मत आहे, संगीतातल्या जाणकारांनी खोडून काढावं.

मुलांचं गाणं संपलं नाही, फक्त संगीतशाळेबाहेर गेलं. विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा सामुदायिक प्रार्थनेला जागा दिली. पुण्यात १८९४ पासून गणपतीत मेळे सुरू झाले. पोशाख केलेली पोरं, ठेक्यात पावलं टाकत, एका आवाजात पदं म्हणत. ती पदं इतकी झोंबणारी झाली की सरकारने १९१० च्या सुमाराला मेळ्यांच्या मुसक्या आवळल्या. सुरांत कच्चे असतीलही ते, पण तीस पोरं एका आवाजात गायला लागली की सरकारला घाम फुटतो, हे त्यांनी दाखवून दिलं. स्वातंत्र्यानंतर संगीतकार वसंत देसाई यांनी हजारो शाळकरी मुलांना एकत्र गायला लावण्याचं काम मनावर घेतलं. 'गुड्डी' या १९७१ च्या चित्रपटातली त्यांची प्रार्थना आजही देशभर शाळांत म्हटली जाते, म्हणणाऱ्यांना संगीतकाराचं नाव माहीत नसतं. १९८० च्या दशकात एनसीईआरटीने शाळांमधून सामुदायिक गायनाची मोहीम चालवली, निरनिराळ्या भारतीय भाषांतली गाणी सगळ्या मुलांनी म्हणायची. मी नेमका त्याच पिढीतला. मोहीम ओठ हलवणाऱ्यांपर्यंत पोचली नाही, तो भाग वेगळा.

आता आमचा बालवृंद. आमच्या भागातल्या मराठी मंडळींनी तो सुरू केला त्याला बरीच वर्षं झाली. दर रविवारी सकाळी साडेनऊला, मंदिरामागच्या हॉलमध्ये. या घडीला एकतीस मुलं आहेत, सहा ते चौदा वर्षांची. त्यांत नऊ जणांच्या घरी मराठी बोलत नाहीत, गुजराती आहेत, एक सिंधी, एक मल्याळी. शिकवणाऱ्या ताई फॅकल्टीतून शिकलेल्या. पेटीला एक काका आणि तबल्याला कॉलेजातला एक मुलगा. मी सतरंज्या घालतो, झेरॉक्स काढून आणतो आणि कोपऱ्यात बसतो.

तिथे बसून मला तीन गोष्टी कळल्या. पहिली पट्टीची. मोठ्या पुरुषाची पट्टी साधारण काळी एक. गुरुजी स्वतःच्या पट्टीत पेटी धरतात आणि मुलं वरच्या सप्तकात गातात. चाल मध्य सप्तकात असली तर निभावतं, पण अंतऱ्यात तार गंधाराकडे गेली की सगळी पोरं ओरडायला लागतात, आणि ज्यांचा आवाज तिथे जात नाही ती खाली कुठेतरी पुटपुटतात. ताई तेच गाणं काळी चार किंवा पाचला आणतात आणि ओरडणं जादू केल्यासारखं थांबतं. आमच्या सरांनी पट्टी बदलून बघितली असती का, असा विचार त्या दिवशी माझ्या मनात आला. पेटी तर त्यांच्याच हातात होती.

दुसरी गोष्ट बेसुर मुलांची. नवीन मुलगा आला आणि त्याला सा लागत नसला, तर ताई त्याला सा म्हणायला लावतच नाहीत. त्याला त्याच्या मनाने 'आ' म्हणायला सांगतात. तो जिथे असेल तो स्वर पेटीवर शोधतात, आणि मग सगळा वर्ग त्या मुलाच्या स्वरात 'आ' म्हणतो. म्हणजे तो वर्गाच्या सुरात येण्याआधी वर्ग त्याच्या सुरात जातो. मग तिथून एकेक पट्टी वर किंवा खाली सरकायचं. कोणाला तीन रविवार लागतात, कोणाला तीन महिने. आपला आवाज दुसऱ्याच्या आवाजाला जुळला की कसं ऐकू येतं, हेच त्या मुलाला माहीत नसतं. एकदा ते ऐकलं की कान आपणहून तिकडे जायला लागतो. मी गेजांचं कॅलिब्रेशन करत आलो, त्यात आधी यंत्राचं आजचं रीडिंग नोंदवतात, मगच सुधारणा करतात. सुधारणेआधी कोणी गेज फेकून देत नाही.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि माझ्या दृष्टीने तीच आज बालवृंदाचं मोठं काम झाली आहे. आमची बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमातली, काही गुजराती माध्यमातली. घरी मराठी कानावर पडतं, वाचता येत नाही. गाण्याचे कागद दिले तेव्हा दोन मुलींनी सगळं गाणं गुजराती लिपीत उतरवून घेतलं, शिरोरेघ नसलेलं मराठी. एकाने रोमनमध्ये. ताई रागावल्या नाहीत, म्हणाल्या, "लिपी कोणतीही चालेल, पण उच्चार माझा." गुजरातीतही ळ आहे, त्यामुळे 'कमळ' कोणाला अडत नाही. अडतं ते 'चांदणं' आणि 'जाई' यांपाशी. मराठीतले दंत्य च आणि ज गुजरातीत नाहीत, त्यामुळे आमची पोरं 'चांदणं'चा च 'चहा'तल्यासारखा म्हणतात. एकटं मूल बोलताना ते खपून जातं. एकतीस जणांत अर्धे एक च म्हणतात आणि अर्धे दुसरा, तेव्हा तो शब्द चक्क फुटलेला ऐकू येतो. मग तालीम थांबते आणि पाच मिनिटं नुसतं 'चांदणं, चमचा, चार, चहा' चालतं. जीभ दाताला लावायची, मग टाळूला. त्यात पहिला नंबर आला आमच्या मल्याळी मुलीचा. मराठी शिकवणीला जी मुलं हात-पाय बांधून आणावी लागतील, ती हा खेळ दर रविवारी आनंदाने खेळतात. स्वरलिपी वाचायला म्हणून देवनागरी सात अक्षरं शिकली, त्यातल्या काहींनी पुढची अक्षरंही आपणहून विचारली.

हे सगळं आताच लिहायचं कारण आहे. यंदा एका समूहगान स्पर्धेचं आमंत्रण आलं. नियम: जास्तीत जास्त पंधरा मुलं. पालकांची बैठक झाली आणि साहजिकच सूचना आली की चाचणी घ्यावी, चांगली पंधरा निवडावीत, बाकीच्यांची वेगळी 'ब' तुकडी करावी. सूचना करणाऱ्या पालकांना मी नावं ठेवत नाही. त्यांची मुलगी खरोखर गोड गाते, आणि चौदा वर्षांपर्यंत तिला कधी मंचावर बक्षीस घेता आलं नाही तर वाईट वाटणारच. एक जण म्हणाले, "स्टँडर्ड राहिलं पाहिजे. नाहीतर उद्या विचारतील, या वृंदातून कोण तयार झालं?"

सूरसागरच्या काठावरचा प्रश्न, तसाच्या तसा, पुन्हा समोर. या वेळी मी हसून विषय बदलला नाही. गायनशाळेचं १८८६ पासूनचं सांगितलं, मुलींच्या गरब्यांच्या पुस्तकांचं सांगितलं आणि शेवटी पाचवीतलंही सांगून टाकलं. ते मी घरीसुद्धा कधी बोललो नव्हतो. बैठकीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग ताई म्हणाल्या की चाचणी घ्यायची तर त्यांची हरकत नाही, फक्त घेणारी व्यक्ती दुसरी शोधावी. निर्णय झाला नाही. चहा झाला.

त्यानंतरच्या रविवारी नवीन आलेल्या एका मुलाचा 'आ' पेटीवर पांढरी दोनला सापडला आणि एकतीस पोरांनी तो उचलला. मीही कोपऱ्यात बसून हळूच 'आ' म्हणून पाहिलं. शेजारच्या चिमुरडीने वळून बघितलं आणि म्हणाली, "काका, थोडं वर." स्पर्धेचा अर्ज माझ्या टेबलाच्या खणात आहे, शेवटची तारीख पुढच्या महिन्यात.